पाव किलो राख

मावशीच्या गच्चीवर पापड कधी घालायचे हे ऊन बघून ठरत नाही, वारा बघून ठरते. उन्हाची विदर्भात काय कमी? पण वारा एका ठरावीक दिशेचा असला की मावशी खालूनच सुनेला ओरडून सांगते, "आज नको टाकू व, वारा तिकडचा हाय." तिकडचा म्हणजे चिमण्यांकडचा. वीज केंद्र तिच्या घरापासून साडेचार किलोमीटरवर आहे. कुठले केंद्र ते सांगत नाही. महाराष्ट्रात अशी बरीच आहेत आणि प्रत्येकाच्या आसपास वारा बघून पापड घालणारी एखादी मावशी असणारच.

या घरात मी लहानपणापासून सुट्टीला जातो. तिथल्या काही गोष्टी आम्हाला इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की त्या वेगळ्या आहेत हे कळायला बाहेरचा पाहुणा यावा लागला. मावशी तुळशीची पाने रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसते. तुळशीला पाणी घालणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या, तुळस पुसणारी ही एकच. कूलरच्या ताट्या मे महिन्याच्या मध्याला करड्या होतात. काकांचा पांढरा सदरा घरात, न्हाणीजवळच्या दोरीवर वाळतो. पाण्याच्या माठावर झाकणी असते आणि झाकणीवर पुन्हा फडके.

राखेशी आपल्या लोकांचे कधी वाकडे नव्हते. भांडी घासायला राख, दात घासायला राखुंडी, बियाण्याला कीड लागू नये म्हणून राख, पोराला दृष्ट लागली तर अंगारा. मावशीनेही सुरुवातीला ही उडून आलेली राख भांड्यांना लावून पाहिली होती. "चरे पडले पातेल्याले," ती सांगते. "ही चुलीतली राख नोहे." कोळशाच्या राखेत काय असते ते पुढे मी पुस्तकात वाचले. वाळूसारखी सिलिका, ॲल्युमिनियमची संयुगे, आणि थोड्या थोड्या प्रमाणात आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा. मावशीला त्यातले अर्धे पातेल्यानेच सांगितले होते.

आता एक हिशेब करू. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण सातशे ग्रॅम कोळसा लागतो. या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. बाहेरदेशातून येणाऱ्या कोळशात ते दहा-बारा टक्क्यांच्या आसपास असते, पण तो महाग. म्हणजे युनिटमागे पाव किलो राख धरायला हरकत नाही. पुण्या-मुंबईतल्या चौघांच्या घराला महिन्याला दोनशे युनिटे लागतात असे समजा. दोनशे गुणिले पाव किलो, पन्नास किलो. सिमेंटची एक गोणी. प्रत्येक घराच्या नावाने दर महिन्याला राखेची एक गोणी कुठेतरी उतरवली जाते. आपल्या दारात ती कोणी टाकत नाही, एवढेच. (सगळी वीज कोळशाची नसते, हे मान्य. तरी देशातली चार युनिटांपैकी जवळजवळ तीन कोळशावरचीच, तेव्हा गोणी थोडी हलकी करा.)

चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे आहे. पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सात कोटी युनिटे आणि साडेसतरा हजार टन राख. वीस टनांच्या टिप्परने मोजली तर पावणेनऊशे टिप्पर, रोजचे. केंद्र कधीच पूर्ण क्षमतेने चालत नाही, पण निम्म्याने चालले तरी आकडा छातीवर बसावा असा आहे. यातली बहुतेक राख धुराबरोबर वर चढते आणि ईएसपी नावाची विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारी यंत्रणा ती पकडते. ही यंत्रणा नीट चालली तर शंभरातले नव्याण्णव कण अडतात. उरलेला एक टक्का आणि पकडलेली सगळी राख टाकायची कुठे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यातल्या दुसऱ्याला चिमणी नसते, म्हणून तो लांबून दिसत नाही.

आधी चिमणीचा प्रश्न. ७ डिसेंबर २०१५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कोळशाच्या वीज केंद्रांसाठी नवी मानके काढली. धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे, पारा आणि पाण्याचा वापर, सगळ्याला मर्यादा. त्याआधी आपल्याकडे सल्फर डायऑक्साइडला चिमणीच्या तोंडाशी मर्यादाच नव्हती. चिमणी किती उंच हवी एवढाच नियम होता. मोठ्या वीजनिर्मिती संचांना २७५ मीटर. नव्या मानकांसाठी दोन वर्षांची मुदत दिली. म्हणजे २०१७ च्या डिसेंबरात काम व्हायला हवे होते. मग मुदत २०२२ झाली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडून वेगवेगळ्या तारखा दिल्या. त्या पुढे सरकल्या. २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सरकल्या, २०२७ ते २०२९ पर्यंत. आणि ११ जुलै २०२५ ला मुदतवाढीचा कंटाळा आला म्हणून की काय, 'क' गटातल्या केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून मोकळेच केले. अट एक, चिमणीची उंची नियमाप्रमाणे हवी. देशातले सुमारे ७८ टक्के संच या गटात येतात. 'ब' गटाचा निर्णय प्रत्येकाचा वेगवेगळा पाहून व्हायचा. सक्ती उरली ती 'अ' गटापुरती.

हे गट कशावरून पाडले ते पाहण्यासारखे आहे. 'अ' म्हणजे दिल्ली परिसर किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत. 'ब' म्हणजे अतिप्रदूषित ठरलेला पट्टा किंवा हवेची मानके न पाळू शकणारे शहर, त्याच्यापासून दहा किलोमीटरच्या आत. उरलेले सगळे 'क'. चंद्रपूर या व्याख्येने 'ब' मध्ये बसते, कारण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात त्याला ८३.८८ गुण मिळाले होते आणि गुण जास्त म्हणजे हवा-पाणी वाईट अशी ती परीक्षा होती. परळी 'क' मध्ये. परळीजवळ दहा लाखांचे शहर नाही. फक्त परळी आहे, आणि गावे आहेत. सरकारी कागदाने फुप्फुसांची अशी डोकी मोजली: दहा लाख एका जागी असतील तर ती फुप्फुसे, पाच-पाच हजार वीस जागी असतील तर तो मोकळा परिसर.

सरकारची बाजू पोकळ नाही, ती मांडायला हवी. आपल्या कोळशात गंधक कमी, बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आत. केंद्रांच्या आसपास मोजलेला सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आतच आढळतो. धुरातला गंधक धुऊन काढणारी एफजीडी यंत्रणा बसवायला मेगावॉटमागे सव्वा कोटीच्या आसपास खर्च येतो, तिला चुनखडी लागते, पाणी लागते, स्वतःला वीज लागते, आणि त्या नादात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढतोच. आयआयटी दिल्ली, नीरी अशा संस्थांच्या अभ्यासांचा दाखला या निर्णयामागे दिला गेला.

पण 'कमी गंधक' हा टक्क्याचा खेळ आहे. चंद्रपूर पूर्ण चालले तर दिवसाला जवळजवळ पन्नास हजार टन कोळसा जळतो. त्याचा अर्धा टक्का म्हणजे अडीचशे टन गंधक, आणि गंधकाचा एक टन जळून वायूचे दोन टन होतात. थोडा राखेत अडकतो असे धरले तरी रोजचा चारशे-साडेचारशे टनांचा मामला. दुसरे असे की हा वायू चिमणीजवळ कमी मोजला गेला यात नवल कसले? २७५ मीटरची चिमणी बांधली ती त्यासाठीच. वर गेलेला वायू वाऱ्याबरोबर जाता जाता हवेतल्या अमोनियाशी जुळतो आणि सल्फेटचे बारीक कण तयार होतात. शेकडो किलोमीटर गेल्यावर तो वायू राहत नाही, धूळ होतो. ती धूळ केसाच्या तिसाव्या हिश्शाहून बारीक असते आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. आपण चिमणीच्या पायथ्याशी वायू मोजला, आणि तो सापडला नाही म्हणून समाधान मानले. मोजायला हवा होता कण, आणि तो केव्हाच पुढच्या जिल्ह्यात पोहोचला.

अमेरिकेतल्या वृद्धांच्या आरोग्य विम्याच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. १९९९ ते २०२० या काळात तिथे कोळशाच्या वीज केंद्रांतून निघालेल्या सूक्ष्म कणांमुळे ४ लाख ६० हजार मृत्यू झाले असे त्यात म्हटले आहे. इतर कारणांनी होणाऱ्या सूक्ष्म धुळीपेक्षा कोळशाची ही धूळ दुप्पट घातक निघाली. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सुरुवातीच्या वर्षांत सरासरी ४३ हजारांवर असलेला वर्षाचा आकडा २०२० मध्ये १६०० वर आला. काही केंद्रे बंद झाली, उरलेल्यांवर हीच गंधक धुणारी यंत्रणा बसली. भारतासाठी २०११-१२ सालचा असा हिशेब झालेला आहे. १११ केंद्रांचा धूर धरून वर्षाला ८० हजार ते १ लाख १५ हजार अकाली मृत्यू. तेव्हा क्षमता १२१ गिगावॉट होती. आता ती जवळजवळ दुप्पट आहे.

'आपल्याकडे हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्याला डहाणूला पाठवावे. १९९१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला. त्याआधीच तिथे पाचशे मेगावॉटचे औष्णिक केंद्र येऊ घातले होते. चिकूच्या वाड्या, खाडी, मासेमारी, आदिवासी पाडे, आणि मधोमध चिमणी. लोक न्यायालयात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प अडवला नाही, पण गंधक धुण्याच्या यंत्रणेची अट पुरता विचार केल्याशिवाय शिथिल करू नका, असे सरकारला बजावले. १९९६ मध्ये न्यायालयाच्याच आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी प्राधिकरण नेमले गेले. १९९९ मध्ये प्राधिकरणाने यंत्रणा बसवायचा आदेश दिला. कंपनीने टाळाटाळ केली, कज्जे झाले, बँक हमी भरावी लागली, आणि २००७ मध्ये, आदेशानंतर आठ वर्षांनी, यंत्रणा चालू झाली. ती समुद्राच्या पाण्याने गंधक धुते. तिच्यामुळे ना मुंबईची वीज गेली, ना कंपनी बुडाली. डहाणूला भांडणारे लोक होते, ऐकणारे न्यायमूर्ती होते आणि तगादा लावायला एक प्राधिकरण होते. चंद्रपूरला, परळीला, पारसला यातले फक्त पहिले आहे.

आता पैशाकडे येतो, कारण सगळी सूट शेवटी पैशाच्या नावाने दिली जाते. एफजीडीमुळे वीज युनिटमागे २५ ते ३० पैशांनी महागेल असा अंदाज सांगितला गेला आणि गरीब ग्राहकाला हा भार कसा सोसायचा, असा गळा काढला गेला. ठीक. २०१० मध्ये केंद्र सरकारने कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावला. नाव होते स्वच्छ ऊर्जा उपकर. तो वाढत वाढत २०१६ मध्ये टनामागे ४०० रुपये झाला, नाव बदलून स्वच्छ पर्यावरण उपकर केले. आता पुन्हा आपला सातशे ग्रॅमचा हिशेब लावा. टनाला ४०० तर सातशे ग्रॅमला २८ पैसे. जो भार ग्राहकाला सोसणार नाही म्हणून यंत्रणा माफ केली, तेवढाच भार ग्राहक आधीपासून सोसत होता, तोही 'स्वच्छ पर्यावरण' या नावाने!

मग ते पैसे गेले कुठे? आधी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जायचे होते. त्यातलेही सगळे त्या कामाला खर्च झाले नाहीत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि पर्यावरणाचा उपकर मोडून त्याच दराचा, टनाला ४०० रुपयांचाच, भरपाई उपकर लागला. कोणाची भरपाई? राज्यांच्या बुडालेल्या महसुलाची. चिमणीखालच्या गावाची नव्हे. आठ वर्षे हे चालले. २२ सप्टेंबर २०२५ ला तो उपकरही गेला आणि कोळसा १८ टक्के जीएसटीत बसला; त्यामुळे स्वस्त देशी कोळशावरचा एकूण कर उतरला, वीज काही पैशांनी स्वस्त होणार म्हणून जाहीरही झाले. दोन महिने आधी पैसा नाही म्हणून सल्फरची सूट, दोन महिन्यांनी कोळशावरच्या करात सूट. याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही, आणि कट म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. एवढे मात्र दिसते की पैसा नव्हता ही सबब खोटी आहे. पैसा गोळा झाला होता. चिमणीवरून खाली उतरताना तो वाटेत दुसऱ्याच दारात गेला.

विजेचे बिल हातात घेऊन वाचा कधीतरी. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. कोळसा महागला की इंधन समायोजन आकाराची ओळ लगेच फुगते, कंपनी एक पैसा सोडत नाही. तारांमधून वीज वाहून आणायचा खर्चही वेगळा लिहिलेला असतो. राख आकार नसतो. तो मावशी भरते, ओल्या फडक्याने.

आता दुसरा प्रश्न, पकडलेल्या राखेचा. यावर खरे तर स्वतंत्र लिहायला हवे. केंद्रातून राख पाण्यात कालवून नळांवाटे राख तलावात सोडतात. तलाव म्हणायचे, पण तो मातीचे बांध घातलेला शेकडो एकरांचा खड्डा असतो. पावसाळ्यात बांध भिजतो, उन्हाळ्यात वरचा थर वाळून उडतो. १६ जुलै २०२२ ला मुसळधार पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा बांध फुटला आणि राखेचा लगदा शेतांत, गावांत शिरून कोलार आणि कन्हान नद्यांकडे गेला. कन्हानचे पाणी नागपूर पिते. त्या दिवशी तरी शहराला राख म्हणजे काय ते कळले असेल असे वाटले होते. चार दिवस बातम्या आल्या, मग पाऊस ओसरला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत कोराडीच्याच राखेसाठी नांदगावला केलेल्या तलावावरून गावकऱ्यांनी ओरड केली होती. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे तिथे गेले आणि राख टाकणे थांबवायला सांगितले. राख थांबली. ही गोष्ट मला चांगली वाटते आणि तिचाच मला राग येतो. एका तलावात राख टाकू नये हे ठरवायला मुंबईहून कॅबिनेट मंत्री यावा लागतो, तर ज्यांच्याकडे मंत्री येत नाही त्यांचे काय? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कार्यालय तर नागपुरातच आहे.

नियम आहेत, हेही सांगितले पाहिजे. १९९९ पासून राखेच्या अधिसूचना निघत आहेत. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे राखेचा शंभर टक्के उपयोग झाला पाहिजे, नाही झाला तर टनामागे एक हजार रुपये पर्यावरण भरपाई. सिमेंटमध्ये राख जाते, विटांत जाते, रस्त्यांच्या भरावात जाते. हे सगळे चांगलेच आहे. पण 'उपयोग' या शब्दाच्या पोटात सखल जमीन भरून काढणे आणि बंद खाणींत राख ओतणे हेही बसते. म्हणजे गावाबाहेरचा खड्डा राखेने भरला की कागदावर तो उपयोग. आणि राखेला भाव आला की आणखी एक गोष्ट होते, ती परळीने दाखवली. दादाहरी वडगावच्या राख तळ्यातून राख कोणी उचलायची, कोणाच्या टिप्परने, कोणाला हप्ता देऊन, यावर तिथे एक अख्खी सत्ता उभी राहिली. २०२४ च्या अखेरीस बीड जिल्हा ज्या खुनाने हादरला, त्यानंतर महाराष्ट्राने राख माफिया हा शब्द पहिल्यांदा कान देऊन ऐकला. परळीकर तो कितीतरी आधीपासून, झाकण नसलेल्या टिप्परमागे दुचाकी चालवताना, डोळे चोळत ऐकत होते.

परळीचे आणखी एक. तिथले केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावे लागले होते. दुष्काळी जिल्ह्यात पाण्याने थंड होणारे केंद्र. यावर मी काही बोलत नाही.

विदर्भात असे लिहिले की एक उत्तर हमखास येते, आणि ते देणारा माणूस बहुतेक वेळा आपल्याच घरातला असतो. मावशीचा धाकटा मुलगा कंत्राटदाराकडे कामाला आहे, केंद्रातच. तो म्हणतो, "दादा, तुम्ही जाता पुण्याले. चिमणी बंद झाली तर मी काय खाऊ?" बरोबर आहे. बारा-बारा तासांचे भारनियमन ज्यांनी सोसले त्यांना विजेची किंमत मी सांगायला नको. शेतातला पंप रात्री दोनला चालू करायला गेलेला माणूस साप चावून मेला, अशा गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या आहेत. उद्या सकाळी सगळी केंद्रे बंद करा असे म्हणणारा मी नाही. पण नोकरी आणि दमा यांची जोडी देवाने बांधलेली नाही. डहाणूच्या केंद्रातही माणसे कामाला होतीच की. आणि चिमणीला यंत्रणा बसवायची, सुकी राख बंद बल्करमधून न्यायची, बांध पक्के करायचे, तलावावर पाणी मारायचे, तर त्यालाही माणसेच लागतात. त्या धाकट्यासारखीच.

मला खरी चीड येते ती दुसऱ्या एका गोष्टीची. केंद्राजवळच्या गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, तुमच्याकडे दम्याचे किती रुग्ण. नोंदवहीत 'खोकला, ताप' असे लिहिलेले सापडेल. चिमणीपासून पाच किलोमीटरच्या गावाची आणि पन्नास किलोमीटरवरच्या गावाची तुलना करता येईल अशी नोंद वर्षानुवर्षे कोणी ठेवतच नाही. आणि मग सुनावणीत साहेब विचारतात, आरोग्यावर परिणाम होतो याला पुरावा काय? पुरावा गोळा करायचे काम ज्यांचे, तेच पुरावा मागतात. मावशीच्या नवऱ्याला तीन वर्षे टीबीचे औषध चालले होते. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते. टीबी नव्हता असे मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण तुम्ही कुठे राहता आणि तिथून चिमणी किती लांब, हा प्रश्न तीन वर्षांत त्यांना कोणीही विचारला नाही.

खाणीशेजारच्या गावांसाठी २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. जुन्या खाणपट्ट्यांतून रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांतून १० टक्के रक्कम त्यात येते आणि ती खाणबाधित भागावर खर्च व्हावी असा कायदा आहे. खर्च कसा होतो, त्यात किती सभागृहे आणि कमानी बांधल्या जातात, हे बाजूला ठेवा. निदान तत्त्व मान्य झाले की जमिनीतून कोळसा काढता तर जमिनीवरच्या माणसाला देणे लागता. हाच कोळसा गाडीत भरून दहा किलोमीटरवर जाळला की देणे संपते? खाणीचे गाव बाधित आणि राखेचे गाव फक्त शेजारी? राखेच्या गावाला मिळते ते कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या खात्यातून, म्हणजे साहेबांच्या मर्जीने. शाळेला बाक, देवळाला रंग, कधी आरोग्य शिबिर, फोटोसह. हक्क आणि दान यांत एक फरक असतो: हक्कासाठी कोणाचे आभार मानावे लागत नाहीत.

माझे मागणे म्हटले तर फार मोठे नाही. बिलावर एक ओळ वाढवा. युनिटमागे पंधरा-वीस-तीस पैसे, जे काय नियामक आयोग हिशेब करून ठरवेल ते. नाव सरळ 'राख आकार' ठेवा, 'स्वच्छ' वगैरे शब्द नकोत, त्या शब्दांचे काय होते ते पाहिले. तो पैसा तिजोरीत न जाता केंद्राच्या परिघातल्या गावांच्या नावाने जमा व्हावा, चिमणीच्या यंत्रणेला, बांधांना, पाण्याच्या नळाला आणि दवाखान्याच्या त्या नोंदवहीला वापरला जावा, आणि खर्चाचा कागद ग्रामसभेत वाचला जावा. पंप चालवणाऱ्या शेतकऱ्याला आणि शंभर युनिटांच्या आतल्या घराला तो लावू नका. मला लावा. माझ्या फ्लॅटला दोन एसी आहेत.

शहरात हे बोललो की लोक म्हणतात, आधीच बिल किती येते! सोसायटीच्या बैठकीत लिफ्टच्या देखभालीसाठी महिना दोनशे रुपये आम्ही दहा मिनिटांत मंजूर केले होते. दोनशे युनिटांवर तीस पैशांप्रमाणे साठ रुपये होतात. साठ रुपयांत आता दोघांचा चहा होतो, तोही बरोबर काही खायला न घेता.

कोराडीला नवे दोन संच उभारायचे म्हणून २९ मे २०२३ ला जनसुनावणी झाली. विदर्भातला मे महिना, त्यात उघड्यावरचा मंडप. वेळ निवडणाऱ्याला दाद दिली पाहिजे. तरी लोक आले आणि बोलले. वीजदराच्या सुनावण्याही होत असतात. महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे कोणालाही लेखी हरकत घेता येते, वकील लागत नाही. तिथे उद्योगांचे प्रतिनिधी येतात, ग्राहक संघटना येतात, यंत्रमागवाले येतात, आणि सगळे दर कमी करा म्हणून भांडतात. आमचा आकार वाढवा आणि त्यातले इतके या गावाला द्या, असे म्हणणारा ग्राहक त्या दालनात बहुधा आलेला नसेल. पुढच्या खेपेला मी अर्ज टाकणार आहे. मावशीला विचारले, येतेस का बरोबर, दोन शब्द बोलायला.

"येतो ना," ती म्हणाली. "पण त्या दिवशी वारा कुठला हाय ते पाह्य आधी. पापड रायले हायेत."